पहिल्या पडद्यावरचं नाव

आमच्या साखर कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा तो बघायला पार गेवराईपासून माणसं आली. त्यांनी जो पाहिला तो कॉम्प्युटर नव्हताच. कॉम्प्युटर आतल्या थंड खोलीत, काचेच्या दारामागे कुलपात होता. लोकांनी पाहिलं ते टर्मिनल. मळकट पांढरा डबा, पुढे बारा इंची काच, काचेवर हिरवी अक्षरं आणि खाली कळफलक. त्या डब्याला स्वतःची अक्कल नव्हती. मागून निघालेली एक वायर भिंतीतून आत जायची. आतून येईल ते दाखवायचं आणि इथे दाबलेलं आत पाठवायचं, एवढंच त्याचं काम. पहिल्या वर्षी मी हे प्रत्येकाला समजावून सांगत असे. दुसऱ्या वर्षी सोडून दिलं. माझा स्वभाव मुळात तापट, आणि एकच गोष्ट दिवसातून चाळीस वेळा सांगायला मी काही शाळामास्तर नव्हतो.

मी राधाकिशन, मूळचा लिंबागणेशचा. बीडला टायपिंग आणि कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केला आणि कारखान्याच्या शेतकी विभागात ऑपरेटर म्हणून लागलो. काम ऊसनोंदीचं. कुणी कोणत्या तारखेला उसाची लागण केली त्यावरून तोडणीची यादी लागायची, आणि यादीत ज्याचा नंबर लागेल त्याच्या फडात ऊसतोडीची टोळी जायची. पूर्वी ही यादी रजिस्टरात असे. रजिस्टर शेतकी अधिकाऱ्याच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली कुणाच्या खिशात, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. म्हणून चेअरमनसाहेबांनी फर्मान काढलं की टर्मिनल खिडकीजवळ ठेवायचं आणि जो सभासद येईल त्याला त्याचा नंबर पडद्यावर दाखवायचा. टर्मिनलखाली फिरती बैठक होती, हात लावला की तोंड खिडकीकडे वळायचं. उद्घाटनाच्या दिवशी मला दोन शब्द बोलायला लावले. मी म्हणालो, "माणूस खोटं बोलेल, मशीन खोटं बोलणार नाही." टाळ्या पडल्या. ते वाक्य मग गावोगाव गेलं.

पडद्यावर चोवीस ओळी मावायच्या, एका ओळीत ऐंशी अक्षरं. वरच्या तीन ओळी मथळ्याच्या, शेवटची सूचनेची. म्हणजे एका पडद्यावर नावं वीस. आमच्या गटाची यादी आठशेच्या वर होती. सभासद नंबर देऊन थेट नाव शोधायची सोय त्या प्रोग्राममध्ये नव्हती, एकेक पान पुढे न्यावं लागे. पान भरायला दोन सेकंद आणि आतलं मशीन कामात असलं तर दहा-बारा. तिसाव्या पानावरचा माणूस असला की पाच मिनिटं गेली. आणि खिडकीबाहेर रांग.

लोकांची समजूत मात्र अशी झाली होती की पहिल्या पडद्यावर जे आहे तेवढीच यादी. पुढची पानं मी कळ दाबून "आणतो", म्हणजे ती माझ्या मनची. पहिल्यावर नाव नसलं की माणूस ओरडायलाच लागायचा. "माझं नाव कावून न्हाई? कुणी काढलं?" पान पुढे नेऊन दाखवलं तरी "हे तुमी आत्ता घातलं" म्हणायचा. मी संतापायचो, तो संतापायचा, रांग दोघांवर संतापायची.

त्यातच एक्क्याण्णवचा पाऊस दगा देऊन गेला. दिवाळीलाच विहिरी तळाला लागल्या. कारखान्याच्या तलावात पाणी निम्मं, टोळ्या पश्चिमेकडच्या कारखान्यांना निघून गेलेल्या. आमच्या गटात दिवसाला चार-पाच फड तुटत होते. खिडकीतली रांग दुप्पट झाली.

डिसेंबरच्या सुरुवातीला टर्मिनल बिघडलं. सगळा पडदा मिटून मध्ये एक आडवी हिरवी रेघ राहिली. पुण्याचा इंजिनिअर पंधरा दिवसांशिवाय येत नाही म्हणाला, म्हणून बीडहून हैदरभाईंना बोलावलं. त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी मागचं झाकण काढलं, आत डोकावले आणि म्हणाले, "ह्याला डोकं न्हाई, मियाँ. डोकं तिकडं थंडीत बसलंय. हा नुसता दाखवतो." तासाभरात त्यांनी रेघेचा पुन्हा पडदा केला. मग वायर न जोडताच एक कळ दाबली, चारचा आकडा दाबला आणि पडद्यावर टाईप केलं, हैदर. मी चमकलो. वायर तर टेबलावर पडलेली होती.

"ह्याला लोकल म्हणत्यात," हैदरभाई म्हणाले. "आत काईच जात न्हाई. ह्येचं ह्योच लिवतो, ह्येचं ह्योच दावतो. टेस्टिंगला आसतं हे."

कळफलकावर दोन बारीक लाल दिवे होते. एक ऑनलाइनचा, एक लोकलचा. इतकी वर्षं दुसरा दिवा कशासाठी आहे, याचा मी विचारच केला नव्हता.

आता मी जे केलं ते सांगतो. त्यात बढाई नाही आणि रडगाणंही नाही. आठ दिवसांनी एक पागोटेवाला खिडकीत अडून बसला. नाव पहिल्या पडद्यावर दाखव, नाहीतर हलणार नाही. मी पहिलं पान आणलं, टर्मिनल माझ्याकडे फिरवलं, सेट-अपची कळ, चार, पुन्हा सेट-अप. लोकलचा दिवा लागला. बाणांनी चौदाव्या नावावर गेलो आणि त्यावर त्याचं नाव आणि सभासद नंबर टाईप केला. डबा पुन्हा खिडकीकडे वळवला. म्हातारा खूश. मी वर म्हणालो, "टोळ्या कमी आहेत, वेळ लागेल हं." तो गेला. मी पुन्हा ऑनलाइन केलं, पान नव्याने मागवलं, त्याचं नाव पुसलं गेलं आणि खरं नाव जागेवर आलं. आतल्या मशीनला काही कळलं नाही. अर्ध्या मिनिटात काम झालं होतं.

पंधरवड्यात असे अकरा जण झाले. मला वाटायचं, यात कुणाचं काय जातं? टोळी यायची तेव्हाच येणार. माणूस शांत होऊन घरी जातो आणि माझं डोकं ठिकाणावर राहतं. शिवाय त्यातले पहिले दहा पक्के होते. खिडकीतून निघाले की चेअरमनच्या बंगल्यावर जायचे, तिथून शेतकी अधिकाऱ्याकडे, तिथून ट्रॅक्टरवाल्याकडे. पडद्यावर विसंबून बसणारा त्यांच्यात एकही नव्हता.

अकरावी बायनाबाई. साठीची बाई, नदीकडच्या गावातली, नवरा विठ्ठलराव वारल्यापासून दीड एकर उसाचं एकटीच बघायची. लेक बीडला दिलेली. तिला वाचता येत नव्हतं, पण सभासद नंबर ओळखता यायचा. विठ्ठलरावांनी तो इंग्रजी आकड्यांत बैलगाडीच्या फळीवर रंगवून घेतला होता, दोन दोन एक सात.

"बाबा, माजा नंबर कितवा हाय?" तिने विचारलं. "सगळ्यात आदुगर त्येच सांग. हिरीत पानी हाय संक्रांतीपत्तूर. ऊस त्येच्या आत तुटला तर उरल्यालं पानी खोडव्याला द्येते. खोड जगलं की म्होरच्या साली लागन करायला नको."

हे तिने मला स्वच्छ सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. पण तिच्यामागे पंचवीस माणसं होती, त्यातला एक खिडकीचा पत्रा वाजवत होता, आणि तिचं नाव कुठे असेल याचा मला अंदाज होता. तिची लागण उशिराची, सुरू हंगामाची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतली. तिसावं-एकतिसावं पान. मी डबा फिरवला, सेट-अप, चार, सेट-अप. एकोणिसाव्या नावावर तिचं नाव आणि नंबर घातला, डबा तिच्याकडे वळवला आणि म्हणालो, "एकोणीस."

तिने काचेला नाक लावून आकडे पाहिले. दोन, दोन, एक, सात. तिचा चेहरा उजळला. मग म्हणाली, "कागदावर दे की. दीर लई शंकेखोर हाय."

टर्मिनलच्या मागे प्रिंटरसाठी वेगळी जागा होती. तिथे जोडलेला प्रिंटर पडद्यावर जे असेल ते जसंच्या तसं छापायचा. वायर आत जोडलेली असो, नसो. मी छापून दिलं. वेळ वाचला.

चार-सहा दिवसांनी गहिनीनाथ आला. तो आमचा चिटबॉय, म्हणजे गावोगाव फिरून फड बघणारा आणि तोडीच्या चिठ्ठ्या देणारा माणूस. "राधाकिशन," तो म्हणाला, "त्या बायनाबाईकडं कागद हाय. एकोनीस नंबर. माझ्या तोडीच्या प्रोग्रामात ती सहाशे बाराला हाय. मशीन येडं झालं का काय?"

"प्रिंटर अडकला असेल," मी म्हणालो.

"आरं पन चारा डेपोवाले आलते तिच्याकडं. जनावरांसाठी ऊस घ्यायला. आत्ताच तोडून न्हेतो म्हन्ले. तिनं हाकलून दिलं त्यास्नी. म्हन्ती, माझा एकोनीस नंबर लागलाय, आठ दिसात टोळी येती. डेपोला दिला आसता तर खोड तरी वाचलं आसतं. मी सांगून थकलो. मलाच म्हन्ती, तू माणूस हाय, हे मशीन हाय."

तो हसून सांगत होता. मला त्या क्षणी तिचा राग आला, हेही सांगून टाकतो. दहा जणांना फसवलं तर दहाही जण फसले नाहीत. हिलाच का इतकं खरं वाटावं?

त्याच दुपारी मी शेतकी अधिकारी अर्जुनरावांकडे गेलो. नदीकडची एक बाई आहे, ऊस वाळून चाललाय, तिचा नंबर वर घेता येईल का? ते म्हणाले, "वाळून कुणाचा चालला नाही? कारण काय दाखवू?" कारण माझ्याजवळ होतं. ते सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी नंबर वर घेतला असता आणि मला घरी बसवलं असतं. मी म्हणालो, "नाही, सहज विचारलं." आणि परत आलो. त्या सहज शब्दाची मला आजही लाज वाटते.

नोकरी न घालवता होण्यासारखं एकच उरलं होतं. तिला खरं सांगायचं. डेपोवाले अजून त्या भागात होते, वेळ गेलेली नव्हती. दोन दिवसांनी ती स्वतःच आली. आठ दिवस झाले, टोळी आली नाही म्हणून. मी तिला खिडकीत न थांबवता आत बोलावलं, खुर्ची दिली. खुर्चीवर ती बसली नाही. टर्मिनलसमोर उभी राहिली.

"मावशी, तुमचा नंबर एकोणीस नाही. सहाशेच्या घरात आहे. मी तुम्हाला खोटं दाखवलं. ऊस डेपोला देऊन टाका, आजच्या आज."

तिने काचेकडे बोट केलं. "मशीनमदी दावलं की तू."

"मशीनमध्ये नव्हतं. नुसतं काचेवर होतं. थांबा." मी डबा पुढे ओढला आणि मागची वायर उपटून तिच्या हातात दिली. "ही वायर आत जाते. आता हे कशालाही जोडलेलं नाही. बघा." सेट-अप, चार, सेट-अप. मी पहिल्या ओळीवर गेलो आणि तिचे चार आकडे टाईप केले. "झाला तुमचा पहिला नंबर. आता पुसतो. गेला. आता हा माझा. मी सभासदसुद्धा नाही. असंच तुमचं केलं होतं त्या दिवशी."

मला वाटलं, याहून स्पष्ट कुणी काय सांगणार? हैदरभाईंनीही मला एवढं सांगितलं नव्हतं.

बायनाबाईने वायर टेबलावर ठेवली. काचेवरची अक्षरं बोटाने पुसून पाहिली. मग माझ्याकडे वळली.

"म्हंजी तू कुनाचंबी नाव घालतूस."

"हो."

"आन् कुनाचंबी काढतूस."

"हो, तेच तर सांगतोय."

"मंग माजं काढलंस तू," ती म्हणाली. "कुनासाठी काढलंस?"

जे मी सिद्ध करून दाखवलं होतं ते तिने बरोबर ओळखलं होतं. हा माणूस नावं बदलतो. राहिला प्रश्न, कोणतं नाव खरं आणि कोणतं बदललेलं. तिच्या कनवटीला एकोणीस नंबरचा छापील कागद होता, आणि माझ्याकडे नुसतं माझं तोंड होतं.

"नाही हो मावशी. शप्पथ घेतो."

"कुठला रं तू?"

"लिंबागणेशचा."

"गनपतीच्या गावचा हायेस आन् आसं करतूस? मी डेपोला ऊस द्यावा, म्हंजी माजी टोळी दुसऱ्याच्या फडात घालायला तू मोकळा. आरं, तूच म्हन्लतास ना, माणूस खोटं बोलल, मशीन बोलनार न्हाई? ऐकलंय मी. कागद हाय माज्याकडं. टोळी येईस्तवर मी ऊस हलवत न्हाई."

ती निघून गेली. मी ओरडलो, "मावशी, ऐका तरी!" रांगेतली माणसं माझ्याकडे बघायला लागली. त्यांच्यातले चार जण तरी त्या दिवशी घरी जाऊन म्हणाले असतील की ऑपरेटर एका विधवेवर ओरडत होता. आणि ते खोटंही नव्हतं.

मी गहिनीनाथला दोनदा पाठवलं. तिसऱ्या वेळी तिने त्याला वाटेवरूनच परत लावलं. दिराने समजावून पाहिलं म्हणे, तर त्यालाच कागद दाखवला. कागद तिने कुणाच्या हातात दिला नाही, लांबूनच दाखवायची. संक्रांत झाली. विहीर आटली. डेपोवाले दुसऱ्या तालुक्यात गेले.

सहा फेब्रुवारीला पाणी संपलं म्हणून कारखान्याची धुराडी थांबली. यादीत बायनाबाईच्या वर अजून जवळजवळ चारशे नावं होती. त्या दिवशी मी सगळी पानं एकेक करत तिच्यापर्यंत गेलो. पाच मिनिटंही लागली नाहीत.

मार्चमध्ये एका रविवारी मी सायकल काढून तिच्या गावाकडे गेलो. घरी जायची हिंमत झाली नाही. रस्त्यावरूनच फड दिसत होता. ऊस उभाच होता, पण पार पांढरा पडलेला. फडात शिरून एक कांडं मोडून पाहिलं, आत भुसा. बांधावर एक जनावर उभं होतं, तेही त्याला तोंड लावत नव्हतं. मी खाली बसून एक खोड उकरलं. वाळलेलं होतं. मी हात झटकले आणि परत आलो. त्यानंतर मी लोकलची कळ कधीच दाबली नाही. तिसावं पान असेल तर तिसावं पान. लोक ओरडले तर ओरडू दिले. पण हे चांगलं झालं असं म्हणायचं मला तोंड नाही.

पुढचा उन्हाळा कसाबसा सरला. ब्याण्णवचा पाऊसही जेमतेमच होता, पण विहिरींना थोडं पाणी आलं. ऑक्टोबरात नवीन लागणीच्या नोंदी सुरू झाल्या. नोंदी करणारी माणसं थोडीच होती, बेण्याला ऊसच कुठे राहिला होता? त्या दिवशी दुपारी खिडकी रिकामी होती. मी पडद्यावरची धूळ पुसत होतो. इतकी वर्षं त्याच तीन ओळी मथळ्याच्या जागी राहून काचेवर त्यांचा डाग पडला होता. डबा बंद असला तरी त्या दिसायच्या.

"बाबा, नोंद करायची हाय."

बायनाबाई होती. जास्त वाळलेली, पण आवाज तोच. लेकीकडून बेणं आणून अर्धा एकर लावला, म्हणाली. मी लागणीची तारीख विचारली, तिने सांगितली. मी टाईप केली. ऑनलाइनचा दिवा लागलेला होता, तरी मी तो दोनदा पाहिला. मग नोंद झालेली दाखवायला डबा तिच्याकडे फिरवायला लागलो.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्येच्यात नगं दावू. तू तोंडानं सांग."

माझा हात तिथेच थांबला. तिने कनवटीतून कागद काढला आणि खिडकीच्या फळीवर ठेवला. घड्यांवर फाटलेला होता. एकोणिसाव्या नावावर हळदीचं बोट लावलेलं होतं.

"तवा आत बोलवून सांगितलंस ते खरं हुतं," ती म्हणाली. "फड वाळला तवा कळलं मला. खरं बोलायचं हुतं तर आदी खोटं कावून दावलंस? मी काय वाईट केलतं तुजं?"

दहा महिने मी याचं उत्तर तयार करत होतो. टोळ्या, दुष्काळ, प्रोग्राम, पहिला पडदा. त्यातलं एकही त्या खिडकीत टिकलं नाही.

"मावशी, तुमच्यामागं रांग लई मोठी होती," मी म्हणालो.

तिने वळून मागे पाहिलं. पार फाटकापर्यंत कोणी नव्हतं.

"आज न्हाई कुनी," ती म्हणाली. "आता नीट बघून सांग."